नकाशावरचा पाऊस

सारखा पाऊस पडणारी ठिकाणे जोडणारी रेष म्हणजे समपर्जन्य रेषा. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर या रेषा अक्षरशः एकमेकींना खेटतात: महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तर घाट उतरून वाईला आलो की हजाराच्याही आत.

हवामान विभागाचा जिल्हावार रंगीत नकाशा मात्र पाऊस किती पडला हे नव्हे, तर सरासरीशी तुलना दाखवतो. उणे १९ ते अधिक १९ टक्के म्हणजे सामान्य, रंग हिरवा. त्याहून जास्त निळा. २० ते ५९ टक्के तूट लाल, त्याहून मोठी तूट पिवळी (उलट वाटते खरे). त्यामुळे रत्नागिरी लाल आणि सोलापूर निळे असले, तरी प्रत्यक्षात जास्त पाणी रत्नागिरीतच पडलेले असू शकते.