फावल्या वेळातला मफलर, पण फुकटातला नव्हे!

मैत्रिणींनो, दिवाळीचा फराळ संपता संपता पहाटेचा गारवा जाणवायला लागतो. नाशिक-निफाडकडे तर डिसेंबर-जानेवारीतली थंडी काही विचारूच नका! घरात कुणी पहाटे फिरायला जातं, कुणी स्कूटरवरून कामाला, कुणी सकाळच्या शाळेला. जाड स्वेटर आपल्याकडे चार दिवस घालायचा आणि उरलेले दिवस कपाटात ठेवायचा. हलक्या लोकरीचा मफलर मात्र रोज वापरात राहतो. शिवाय क्रोशाला एकच सुई लागते. हातातलं काम टाकून दूध उतरवायला उठलात, तरी टाके निसटण्याची धास्ती नाही. चला तर, या वर्षी दोन रंगांच्या पट्ट्यांचा मफलर विणू या.

लोकर घेताना जरा चौकस राहा. दुकानात 'लोकर' म्हणून जे मिळतं, त्यातलं पुष्कळसं अॅक्रिलिक असतं. ते वाईट नसतं बरं का! स्वस्त असतं, धुवायला सोपं असतं, लहान मुलांसाठी सोयीचं असतं. पण पैसे खऱ्या लोकरीचे द्यायचे आणि अॅक्रिलिक घरी आणायचं, हे नको. पारख सोपी आहे. धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून मोरीत, मुलं जवळ नसताना, पेटवून पाहा. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. अॅक्रिलिक वितळून त्याची कडक गोळी होते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर मात्र भरड असते. ती घोंगडीला उत्तम, पण गळ्याला टोचेल. मफलरला मेरिनोसारखी मऊ लोकर हवी.

साहित्य : तीन पदरी हलकी लोकर दोन रंगांत, प्रत्येकी साधारण ७५ ग्रॅम, साडेतीन मिलिमीटरची क्रोशाची सुई, टोकं दडवायला मोठ्या नेढ्याची बोथट सुई. एक रंग गडद आणि एक फिका घेतलात तर पट्टे उठून दिसतात. लोकर एकदमच घ्या. पुढच्या वेळी तीच छटा मिळेल याचा भरवसा नसतो.

कृती : आधी चार इंचांचा नमुना विणून पाहा. कापड पुठ्ठ्यासारखं ताठ झालं तर सुई एक नंबर मोठी घ्या. जाळीसारखं विरविरीत झालं तर लहान घ्या. मफलर गळ्याभोवती सहज पडला पाहिजे.

आता गडद रंगाने ३८ साखळ्या घाला. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घाला आणि पुढे प्रत्येक साखळीत एकेक. सोडलेल्या तीन साखळ्यांचा एक खांब धरायचा, म्हणजे ओळीत ३६ खांब होतात. नव्याने शिकणारीसाठी सांगते : सुईवर एक वेढा घेऊन सुई टाक्यात घालायची, दोरा ओढून घ्यायचा, सुईवर तीन फासे होतात; दोरा घेऊन दोन फाशांतून काढायचा आणि पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोन फाशांतून काढायचा. झाला खांब!

दुसऱ्या ओळीला तीन साखळ्या घालून काम उलटा. खालचा अगदी पहिला खांब सोडा, कारण त्याची जागा या तीन साखळ्यांनी घेतली आहे. शेवटचा खांब मात्र आधीच्या ओळीच्या तीन साखळ्यांच्या माथ्यावर घालायचा. हाच टाका हटकून राहून जातो आणि मफलर टोकाकडे निमुळता होत जातो. म्हणून दर ओळीला ३६ मोजाच.

रंग बदलण्याची खुबी अशी : गडद रंगाच्या दोन ओळी होत आल्या, की शेवटच्या खांबाचे शेवटचे दोन फासे सुईवर असतानाच त्यांतून फिका दोरा ओढून घ्या. म्हणजे पुढची ओळ स्वच्छ फिक्या रंगाने सुरू होते. गडद दोरा तोडू नका. फिक्याच्या दोन ओळी झाल्या की आपण पुन्हा त्याच कडेला येतो. तिथला गडद दोरा सैलसर वर घ्या आणि विणा. फार ताणलात तर कड आवळते.

साधारण ६० इंच लांबी झाली की गडद पट्ट्यावर थांबा. मग चहूबाजूंनी मुक्या खांबांची एक ओळ घाला. मुका खांब म्हणजे वेढा न घेता घातलेला आखूड टाका. लांब कडांना दर ओळीमागे दोन आणि कोपऱ्यात तीन मुके खांब घाला. कडेने वर नेलेले दोरे त्यात दडून जातात.

झाल्यावर गार पाण्यात रिठ्याच्या फेसात किंवा सौम्य साबणात बुचकळा. कढत पाणी आणि चोळणं लोकरीला अगदी वर्ज्य! लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. उष्णता आणि चोळण्याने ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून घट्ट होतं. पिळू नका. जाड टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. उन्हाळ्यात ठेवताना धुऊनच ठेवा. कसर घामाच्या, तेलाच्या डागांवर आधी येते. कडुलिंबाचा पाला घाला, पण खरी राखण स्वच्छतेचीच.

आता एक हिशेब मांडू या. सुमारे दीडशे ओळी, दर ओळीत ३६ खांब. म्हणजे ५४०० खांब झाले. माझ्या हाताला एका ओळीला पाचेक मिनिटं लागतात. म्हणजे साडेबारा तास, काठ वेगळाच. आमच्या शेजारच्या वहिनींकडून एका बाईंनी असे चार मफलर करून घेतले आणि हातावर फक्त लोकरीचे पैसे ठेवले. वर म्हणाल्या, "त्याला काय, बसल्या बसल्या तर होतं!"

बसल्या बसल्या पन्नास तास? हे वाक्य फार जुनं आहे, मैत्रिणींनो. आयर्लंडात १८४५ पासून बटाट्याचं पीक रोगाने बुडालं आणि मोठा दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाची लेस विकून कितीतरी कुटुंबांनी तग धरला. तेव्हा तो काही विरंगुळा नव्हता. आपल्या आंध्रातल्या नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायांवर मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी लिहिलेलं पुस्तक १९८२ साली आलं. परदेशी जाणारा माल या बाया विणत होत्या, पण 'घरबसल्या फावल्या वेळचं काम' म्हणून त्यांच्या हाती मजुरी अगदी तुटपुंजी पडे. आणि गंमत पाहा, स्वेटर यंत्रावर निघतात, पण दुकानात टांगलेली क्रोशाची वस्तू कुणाच्या तरी हातांनीच विणलेली असते.

म्हणून सांगते, घरच्या माणसासाठी प्रेमाने विणाल त्याची किंमत करू नका. सासूबाईंच्या, लेकीच्या गळ्यात तो मफलर दिसला की पावलं सगळं. पण दुसऱ्या कुणासाठी विणायला घेतलात, तर सुरुवातीलाच स्पष्ट बोला. लोकरीची पावती जपा, लागलेले तास वहीत टिपा आणि तासाचा दर आधी सांगा. संकोच वाटेल, पहिल्यांदा जीभ अडखळेल. पण शिंप्याला, सुताराला मजुरी विचारताना आपण 'बसल्या बसल्या होतं' असं म्हणतो का? वहिनींनी आता वही घातली आहे. पाचव्या मफलराची ऑर्डर आली, तेव्हा त्यांनी दर सांगितला. बाई जरा थबकल्या खऱ्या, पण मफलर घेऊन गेल्या.