स्टिअरिंगचे नियंत्रण युनिट बदलण्याआधी तपासणी आवश्यक

जबलपूरमधील राइट टाउनसारख्या वर्दळीच्या वस्तीत मोटार वळवताना किंवा उभी करताना स्टिअरिंगला विद्युत साहाय्याची सर्वाधिक गरज भासते. वेग कमी असताना चाके वळवण्यास अधिक जोर लागतो. अशा वेळी इशाऱ्याचा दिवा लागून स्टिअरिंग एकाएकी जड झाल्यास दोष बहुधा इलेक्ट्रॉनिक नियंत्रण युनिटाला दिला जातो. मात्र हा महागडा भाग बदलण्याआधी पूर्ण तपासणी होणे हिताचे आहे.

जबलपूरला वाहननिर्मितीची परंपरा आहे. येथील वाहन कारखाना १९६९ साली सुरू झाला आणि तेथे लष्करासाठी शक्तिमान ट्रक व जोंगा ही वाहने तयार झाली. त्या पिढीच्या वाहनांतील स्टिअरिंगचा दोष कुशल कारागिराच्या हाताला जाणवत असे. विद्युत पॉवर स्टिअरिंग १९८८ साली सुझुकीच्या सर्व्हो मोटारीत आले आणि दोष शोधण्याची पद्धतही बदलली.

या रचनेत चालकाने स्टिअरिंगला दिलेला पीळ सेन्सर मोजतो. हा पीळ आणि वाहनाचा वेग यांवरून नियंत्रण युनिट विद्युत मोटरला किती जोर लावायचा, हे ठरवते. मोटर बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते. त्यामुळे कमकुवत बॅटरी, सैल अर्थिंग, जळालेला फ्यूज किंवा गंजलेला जोड यांमुळेही हीच लक्षणे दिसू शकतात. म्हणून प्रथम स्कॅनरने दोषसंकेत वाचून हे भाग तपासले जातात.

युनिट बदलावेच लागल्यास त्याचा भाग क्रमांक जुळणे आवश्यक असते. अनेक मोटारींमध्ये नव्या युनिटात त्या वाहनाची माहिती भरावी लागते. त्यानंतर चाके सरळ ठेवून सेन्सरचा मध्यबिंदू निश्चित करावा लागतो. हे राहून गेल्यास स्टिअरिंग एका बाजूला ओढले जाण्याचा धोका असतो. जुन्या मोटारीतून काढलेले युनिट स्वस्त मिळाले, तरी त्यात दुसऱ्या वाहनाची माहिती साठवलेली असू शकते.

विद्युत साहाय्य बंद पडले, तरी सर्वसाधारण मोटारीत स्टिअरिंग आणि चाके यांचा यांत्रिक जोड कायम राहतो. चालकाने न घाबरता दोन्ही हातांनी जोर लावून वाहन सावकाश कडेला घ्यावे.

दरम्यान, मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार, सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश केंद्र सरकार उत्पादकाला देऊ शकते. त्यामुळे खर्च करण्यापूर्वी आपले वाहन अशा मोहिमेत समाविष्ट आहे काय, हे चॅसिस क्रमांक देऊन अधिकृत विक्रेत्याकडे तपासून घ्यावे. तसे असल्यास दुरुस्तीचा भार मालकावर पडत नाही.