धर्माविना ख्रिस्तश्रद्धा : बॉनहोफर यांचा विचार
जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांना नाझी राजवटीने एप्रिल १९४३ मध्ये अटक केली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून मित्र एबरहार्ड बेथगे यांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी १९४४ साली धर्मविरहित ख्रिस्तश्रद्धेचा विलक्षण धाडसी विचार मांडला. ज्ञानातील पोकळी भरण्यापुरताच देव मानला, तर ज्ञान वाढेल तसा तो मागे सरतो. म्हणून देव आयुष्याच्या मध्यभागी, क्रुसावर दुःख सोसणाऱ्या ख्रिस्तात शोधावा, असे त्यांचे म्हणणे होते. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्ग छळछावणीत त्यांना फाशी दिली गेली. बेथगे यांनी ही पत्रे १९५१ मध्ये प्रसिद्ध केली. इंग्लंडचे बिशप जॉन रॉबिन्सन यांचे ‘ऑनेस्ट टू गॉड’ (१९६३) आणि १९६० च्या दशकातील अमेरिकेचे ‘देवाच्या मृत्यूचे’ धर्मशास्त्र, दोहोंवर बॉनहोफर यांच्या या विचारांचा ठसा आहे.