कालबाह्य संगणकांची प्रयोगशाळा

छापील ग्रंथाचे जतन म्हणजे मुख्यतः कागद, शाई आणि बांधणी यांचे जतन. संगणकासाठी रचलेल्या साहित्यकृतीला मात्र एवढ्याने भागत नाही, कारण फ्लॉपीवरील चुंबकीय नोंदी शाबूत असल्या, तरी त्या वाचणारे यंत्र नाहीसे झाले की कृतीही वाचकाला दुरावते. अमेरिकेतील बोल्डर येथे, कोलोरॅडो विद्यापीठात, साहित्याच्या प्राध्यापक लॉरी एमर्सन यांनी २००९ मध्ये ‘मीडिया आर्किऑलॉजी लॅब’ स्थापन केली, ती याच अडचणीतून. माध्यम-पुरातत्त्व ही अभ्यासशाखा जुन्या माध्यमयंत्रांकडे प्रगतीच्या मागे पडलेल्या पायऱ्या म्हणून न पाहता, त्यांच्यात कोणत्या वेगळ्या शक्यता होत्या याचा शोध घेते.

प्रयोगशाळेच्या मुळाशी आहे तो एक कवितासंग्रह. कॅनडातील कवी बीपी निकल यांनी १९८४ मध्ये ‘फर्स्ट स्क्रीनिंग’ या नावाने बारा चलत्-कवितांचा संच अ‍ॅपल संगणकावर, बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला आणि सव्वापाच इंची फ्लॉपीवर त्याच्या शंभर प्रती काढल्या. यांतील शब्द पडद्यावर सरकतात, लुकलुकतात, एकमेकांत मिसळतात. शिवाय एक कविता दडवून ठेवलेली असून तिचा सुगावा प्रोग्रॅममधील शेऱ्याच्या ओळीत, म्हणजे यंत्र दुर्लक्षित करते पण माणूस वाचू शकतो अशा ओळीत, दिलेला आहे. त्यामुळे पडद्याचे नुसते चित्रीकरण पाहणाऱ्याला ती सापडणे शक्य नाही. पुढे या संचाची हायपरकार्ड या प्रणालीसाठी नवी आवृत्ती निघाली, आणि कालांतराने हायपरकार्डही कालबाह्य झाले. विद्यार्थ्यांना ही कृती मूळ रूपात वाचता यावी म्हणून जमवलेल्या अ‍ॅपल टू-ई संगणकांभोवती बोल्डरचा संग्रह वाढत गेला.

या संग्रहातील यंत्रे काचेआड ठेवलेली नसून येणाऱ्याने ती सुरू करावीत, कळा दाबाव्यात, प्रोग्रॅम लिहून पाहावेत अशी अपेक्षा असते. हा निर्णय धाडसाचा म्हटला पाहिजे, कारण वापराने यंत्र झिजते आणि सुटे भाग आता कारखान्यातून येत नाहीत. तरीही तो योग्यच वाटतो: बंद संगणक पाहून त्याच्या रंगाआकारापलीकडे फारसे काही कळत नाही. उदाहरणार्थ, संगणक-रचनाकार जेफ रास्किन यांच्या कल्पनेतून १९८७ मध्ये आलेल्या कॅनन कॅट या यंत्राला माउस नव्हता; हवा तो मजकूर गाठण्यासाठी ‘लीप’ नावाच्या दोन खास कळा होत्या, आणि ही पद्धत किती वेगवान होती हे बोटांनाच समजते.

अशी यंत्रे चालती ठेवण्याचे काम किचकट असते. वर्षानुवर्षे बंद असलेला संगणक जाणकार एकदम विजेला जोडत नाहीत. आधी वीजपुरवठ्याचा भाग उघडून कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारे घटक, तपासतात, कारण त्यांतील काहींमधून झिरपणारा द्रव सर्किट बोर्डवरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो, तर कागदी थर असलेले काही कपॅसिटर तडकून ओलावा धरतात आणि वीज मिळताच धूर सोडतात. फ्लॉपीचा प्रश्न याहून नाजूक असतो. अ‍ॅपल टूच्या सर्वसाधारण फ्लॉपीत एका बाजूला ३५ वर्तुळाकार मार्ग, प्रत्येकात १६ खंड आणि प्रत्येक खंडात २५६ बाइट, म्हणजे एकूण १४० किलोबाइट मजकूर मावतो. परंतु चुंबकीय लेप सुटू लागला की वाचणारे डोकेच तो खरवडून काढते. म्हणून अलीकडे मजकुराऐवजी लेपावरील चुंबकीय दिशाबदलांच्या वेळाच टिपून घेणारी उपकरणे वापरली जातात, ज्यामुळे खराब भागांचा उलगडा नंतर सावकाश करता येतो.

दुसरा मार्ग इम्युलेटरचा, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या संगणकाचे वर्तन घडवणाऱ्या सॉफ्टवेअरचा. अटलांटाच्या एमरी विद्यापीठाने २००६ मध्ये मुंबईत जन्मलेले लेखक सलमान रश्दी यांची कागदपत्रे संगणकांसह मिळवली आणि २०१० मध्ये त्यांच्या मॅकिंटॉश संगणकाचा पडदा इम्युलेटरद्वारे अभ्यासकांसमोर ठेवला. मजकुराच्या अभ्यासाला हा मार्ग बहुधा पुरेसा आहे. १९८२ च्या व्हेक्ट्रेक्स या खेळयंत्राला तो पुरत नाही; त्यात इलेक्ट्रॉनांचा झोत थेट रेषा काढतो, तर आजचा पडदा त्या रेषेची ठिपक्यांनी केवळ नक्कल करतो.

जुन्या साधनांविना मजकूर दुरावण्याचा हा प्रश्न मराठी मुद्रणव्यवसायालाही चुकलेला नाही. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतप्रणाली रुळण्यापूर्वी अक्षरजुळणीच्या फॉन्टमध्ये देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत आणि प्रत्येक कंपनीचा क्रम निराळा असे; तो फॉन्ट जवळ नसेल, तर त्या काळची फाइल उघडूनही रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसते. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये प्रमाणित झालेली इस्की ही संकेतप्रणाली असतानाही छपाईच्या फाइली या खासगी क्रमांतच राहिल्या. तेव्हा ज्या प्रकाशकांकडे आणि दिवाळी अंकांच्या संपादकांकडे अशा फ्लॉपी किंवा सीडी पडून असतील, त्यांनी त्या भंगारात न देता, त्यांच्यासोबत मूळ फॉन्ट, सॉफ्टवेअरच्या आवृत्तीची नोंद आणि जमल्यास तो जुना संगणकही एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे सोपवावा.