ओला चमचा आणि लोणारचे पाणी

उन्हाळ्यात वाशीम जिल्ह्यातल्या मानोऱ्याच्या घरांमध्ये आंब्याचे लोणचे बरणीत भरले, की आजीची ताकीद ठरलेली : ओला चमचा घालायचा नाही. दाट मीठ जंतूंच्या पेशीतले पाणी ओढून घेते, त्यामुळे ते वाढू शकत नाहीत. पाण्याचे चार थेंब पडले, की मीठ पातळ होते आणि बुरशी धरते.

मात्र मीठ आणि खार हेच ज्यांचे माहेर, असे सूक्ष्मजीवही आहेत. ते शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणारच्या सरोवरात राहतात. आपल्या काळ्या मातीखाली जो बेसाल्ट खडक आहे, त्याच खडकावर अशनी आदळून तिथे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर तयार झाले. झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी आत येते; बाहेर पडायला वाट नाही. उन्हाने पाणी उडते, क्षार मागे उरतात. त्यातल्या सोड्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास राहत आला आहे. म्हणजे शुद्ध पाण्याच्या तुलनेत तिथे हायड्रोजन आयन हजारपटीने कमी. इथल्या क्षारांना दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे होती. काच आणि साबणासाठी लागणारा माल या भागात मिळतो, अशी नोंद ‘ऐन-ई-अकबरी’तही आहे.

जून २०२० मध्ये हे सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा हा रंग हॅलोआर्किया या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा असल्याचे दिसले. पाणी घटून खारटपणा वाढला आणि त्यांची संख्या फोफावली. नमुना स्थिर ठेवल्यावर हे जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले. पावसाने पाणी वाढल्यावर सरोवराचा गुलाबी रंगही ओसरला.

हे जीव तगतात कसे? हॅलोआर्किया पेशीत पोटॅशियमचे क्षार भरून घेतात. आतबाहेरचा तोल साधला, की बाहेरचे मीठ त्यांचे पाणी ओढू शकत नाही. त्यांच्यातले लालसर रंगद्रव्य प्रखर उन्हापासून त्यांचे रक्षण करते. सोड्यात राहणारे जिवाणू सोडियम बाहेर टाकून हायड्रोजन आयन आत घेतात आणि पेशीचा सामू आटोक्यात ठेवतात. अशा जिवाणूंची एन्झाइम साबणाच्या पाण्यातही काम करतात, म्हणून ती कपडे धुण्याच्या पावडरीत वापरतात. लोणारच्या पाण्यातून विज्ञानाला काही नवे जिवाणूही मिळाले. त्यातल्या एकाचे नाव ‘सेसेंबिया लोनारेन्सिस’. पहिला शब्द हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेवरून, दुसरा आपल्या लोणारवरून!

२०२० मध्ये लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला. तरीही धोका आहे, आणि तो गोड्या पाण्यातून येतो. पाऊस हा सरोवराच्या ऋतुचक्राचाच भाग. गावातले सांडपाणी तसे नाही. ते बारमाही उतरत राहिले, तर खार पातळ होतो, शिवाय घाणही येते. अनेक हॅलोआर्कियांच्या पेशी मीठ फार कमी झाले तर फुटतात आणि साध्या जंतूंना मोकळे रान मिळते. हजारो वर्षे उन्हात मुरलेली ही बरणी आहे. तिच्यात ओला चमचा जाऊ न देणे आता आपल्या हाती आहे.