उदासीवर स्टेरॉईडचा उतारा?

मन आणि औषधं : भाग ७

डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे का लागतात, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. त्यावर केळझरच्या एका वाचकाचा प्रश्न आला. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं, टेकडीवरच्या सिद्धिविनायकाचं हे गाव अनेकांच्या ओळखीचं असेल. वाचकाच्या वडिलांचं बऱ्याच महिन्यांपासून कशातच मन लागत नाही. डिप्रेशनची गोळी सुरू झाली, पण ‘काही फरक नाही’ म्हणून आठवडाभरात सुटली. मध्येच कुणीतरी गुडघ्यांसाठी पुड्या आणून दिल्या. दोन-तीन दिवसांत बाबा पहाटे उठून वावरात. ‘भूकही लागून राह्यली, बोलूनही राह्यले,’ असं मुलगा लिहितो. पुडीत स्टेरॉईड असावं, हे त्याला नंतर कळलं. तेव्हा त्याचं म्हणणं असं, की हेच औषध कमी मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली डिप्रेशनसाठी का देत नाहीत?

प्रश्न भाबडा वाटेल, पण मानसोपचाराच्या संशोधकांनीही तो गंभीरपणे विचारला आहे आणि त्यावर प्रयोगही झाले आहेत.

आधी हे रसायन शरीरात काय करतं ते पाहू. मूत्रपिंडांच्या माथ्यावर ॲड्रिनल नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसोल बनवतात. पहाटे त्याची पातळी चढते, उठण्याच्या सुमाराला सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्रीकडे तळाला जाते. रक्तातली साखर, रक्तदाब, सूज, भूक, झोप या सगळ्यांत त्याचा हात असतो. ते किती बनवायचं याचा हुकूम मेंदूतून पिट्युटरीमार्फत सुटतो. रक्तात कॉर्टिसोल पुरेसं झालं की मेंदू हुकूम थांबवतो. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बीटामेथासोन ही औषधं याच कॉर्टिसोलची माणसानं बनवलेली भावंडं आहेत. व्यायामशाळेत दंड फुगवायला घेतात ती स्टेरॉईड वेगळी, त्यांचा इथे संबंध नाही.

कॉर्टिसोलच्या जातीच्या औषधांनी मन उभारी धरतं, हे पहिल्याच वापरात दिसलं होतं. सप्टेंबर १९४८मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांच्या पथकानं संधिवातानं जखडलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला कॉर्टिसोनची इंजेक्शनं दिली. अंथरुणावर कूस बदलणं कठीण झालेली ती बाई आठवड्याच्या आत बाजारात खरेदीला गेली. १९५०चं नोबेल हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना मिळालं. सांधे मोकळे झाल्याचा आनंद असतोच, पण रुग्णांचा उल्हास त्याहून जास्त होता. झोप नको, भूक दांडगी, बोलणं अखंड. त्यातल्या काहींचा उल्हास पुढे भरकटला. कुणी भ्रमात गेलं, कुणी खोल उदासीत.

याचा हिशेब १९७२मध्ये बोस्टनच्या एका मोठ्या पाहणीत मांडला गेला. याच कुळातलं प्रेडनिसोन घेणाऱ्या, इस्पितळात दाखल रुग्णांपैकी दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा असलेल्यांत मानसिक दुष्परिणाम १.३ टक्के, ४१ ते ८० मिलिग्रॅममध्ये ४.६ टक्के आणि ८०च्या वर १८.४ टक्के. लहान मात्रेची भलामण करणारे यातला पहिलाच आकडा दाखवतात. तो खराही आहे. पण ती पाहणी उदासी घालवण्यासाठी स्टेरॉईड घेणाऱ्यांची नव्हती, आणि महिनोन्‌महिने लहान मात्रा घेतल्यावर मनाचं काय होतं, हे त्यातून कळत नाही.

आता खरी गंमत. ज्यांच्या शरीरात ट्यूमरमुळे कॉर्टिसोल सतत जास्त बनतं, त्या कुशिंग रोगाच्या रुग्णांत डिप्रेशन फार आढळतं. गंभीर डिप्रेशनच्या बऱ्याच रुग्णांतही कॉर्टिसोल वाढलेलं असतं. रात्री डेक्सामेथासोनची एक गोळी दिली तर निरोगी माणसाचं कॉर्टिसोल दुसऱ्या दिवशी दबतं, यांच्यातल्या पुष्कळांचं दबत नाही. बर्नार्ड कॅरल यांनी १९८१मध्ये यावरून निदानाची चाचणीच सुचवली होती. ती पुढे निदानासाठी पुरेशी भरवशाची ठरली नाही, पण मुद्दा उरला. कॉर्टिसोल जास्त असलेल्या माणसाला वरून स्टेरॉईड कशाला द्यायचं?

समर्थकांची उत्तरं दोन आहेत. एक, बाहेरून स्टेरॉईड मिळालं की मेंदूचा सुटलेला हुकूम थांबतो आणि बिघडलेलं चक्र थाऱ्यावर येतं. दुसरं, डिप्रेशनच्या सगळ्याच रुग्णांत कॉर्टिसोल जास्त नसतं. काहींत, विशेषतः सतत गळून गेलेल्यांत, ते कमी असतं. तिथे उणीव भरून काढायची.

पहिल्या कल्पनेची परीक्षा १९९५मध्ये झाली. ३७ रुग्ण, निम्म्यांना चार दिवस रोज ४ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, निम्म्यांना नुसती साधी गोळी. दोन आठवड्यांनी औषधवाल्या गटात ३७ टक्के लक्षणीय सुधारले, दुसऱ्या गटात ६ टक्के. टक्के बाजूला ठेवून माणसं मोजा. इकडे १९पैकी सात, तिकडे १८पैकी एक. २०००मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचा १५ मिलिग्रॅमचा एकच डोस शिरेतून देऊन पाहिला, आणि दुसऱ्याच दिवशी रुग्णांची लक्षणं उतरली. तिथे सगळे मिळून रुग्ण २२. त्याच वर्षी, थकवा आणि कमी कॉर्टिसोल असलेल्या मोजक्या रुग्णांना ७.५ मिलिग्रॅम प्रेडनिसोन जोडून दिल्याचे अनुभवही छापून आले.

माझं मत सांगतो. या प्रयोगांना थापा म्हणता येणार नाही, पण त्यांच्यावर उपचार उभा करता येत नाही. डिप्रेशन महिने-वर्षं चालणारा आजार आहे, आणि इथे मोजलेली उभारी फार तर दोन आठवड्यांची. शिवाय चार मिलिग्रॅम डेक्सामेथासोन ऐकायला लहान वाटतं, प्रेडनिसोलोनच्या मापात ते सव्वीस-सत्तावीस मिलिग्रॅम होतं. त्याला कमी मात्रा कोण म्हणेल? उलट्या दिशेनंही पाहून झालं आहे. कॉर्टिसोलचं उत्पादन रोखणारं मेटिरापोन ब्रिटनमध्ये १६५ रुग्णांच्या चाचणीत वापरलं. २०१६मध्ये निष्कर्ष आला, उपयोग नाही. कॉर्टिसोल आणि उदासी यांचं नातं आहे, पण एकाला वर-खाली करून दुसरीचा नेम धरता येत नाही, एवढंच आजघडीला हाती आहे.

मग खरोखरच कमी, म्हणजे पाच मिलिग्रॅमच्या आसपासची मात्रा? निरोगी शरीर दिवसभरात जेवढं कॉर्टिसोल बनवतं, जवळपास तेवढंच काम प्रेडनिसोलोनची ही पाच मिलिग्रॅमची छोटी गोळी करते. ती आपल्या कॉर्टिसोलमध्ये भर घालत राहील, असं वाटतं. तसं होत नाही. घरी रोज तयार डबा येऊ लागला की चूल कोण पेटवणार? मेंदू हुकूम थांबवतो, ॲड्रिनल आळसावते, काही महिन्यांत आक्रसते. सुरुवातीची हुशारी ओसरते आणि गोळीवरचं अवलंबन उरतं. तीन-चार आठवड्यांहून जास्त दिवस घेतलेलं स्टेरॉईड एकदम बंद केलं तर गळाठा, उलट्या, रक्तदाब कोसळणं, क्वचित जिवावर बेतणं. म्हणून केळझरच्या मुलाला पहिली विनंती ही, की पुड्या किती दिवस पोटात गेल्या ते डॉक्टरांना नेमकं सांगा आणि त्यांना विचारल्याशिवाय एका दिवसात तोडू नका. ज्याच्या उदासीमागे खरं तर बायपोलर आजार आहे, त्याला स्टेरॉईड उन्मादातही ढकलू शकतं. तो धोका पुडी देणाऱ्याच्या गावीही नसतो.

एका ठिकाणी मात्र कमी मात्रेतलं स्टेरॉईड हाच खरा उपचार आहे, तो म्हणजे ॲड्रिनल निकामी झाली असेल तर. आपल्याकडे त्याचं एक कारण अजूनही क्षयरोग आहे. माणूस वाळत जातो, थकतो, कशात लक्ष लागत नाही, उठल्यावर चक्कर येते, मीठ खावंसं वाटतं आणि कातडी काळवंडते. उन्हातान्हात राबणाऱ्याचा काळपटपणा कोण मनावर घेतो? पण तळहाताच्या रेघांत आणि हिरड्यांवर ऊन पडत नाही. तिथे काळं दिसलं तर सकाळी आठच्या सुमाराला रक्तातलं कॉर्टिसोल तपासायला हवं. ते कमी निघाल्यावर दिलेली गोळी शरीरातली उणीव भरते आणि मनही सावरतं. ते डिप्रेशन नव्हतंच. प्रेडनिसोलोन आधीपासून सुरू असेल तर मात्र ही तपासणी फसवते, म्हणून तीही डॉक्टरांच्या सल्ल्यानंच.

विदर्भात हा विषय पुस्तकी नाही. दम्याला, खाजेला, सांध्यांना, तापाला ‘लवकर उतरणारी’ सुई आणि पुडी गावोगावी मिळते. भूक वाढते, तोंड गोल होतं, आणि शेजारी म्हणतात, तब्येत सुधरली. ती सूज असते. आत साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, दडलेला क्षय डोकं वर काढतो. करोनात ऑक्सिजन लागणाऱ्यांना डेक्सामेथासोननं जगवलं, ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. पण २०२१च्या दुसऱ्या लाटेत गरज नसताना, जास्त मात्रेत, जास्त दिवस दिलेलं स्टेरॉईड आणि बेताल साखर यांनी काळ्या बुरशीला वाट करून दिली. नागपुरात तेव्हा किती जणांचे जबडे आणि डोळे काढावे लागले, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

आपल्याकडे डिप्रेशनमध्ये अडतं ते नव्या औषधावाचून नाही, आहे त्या उपचारापर्यंत माणूस पोचत नाही म्हणून. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन बोलायचं, समुपदेशन करायचं, गरज पडली तर डॉक्टरकडे न्यायचं. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते. दीड वर्षानं हे प्रमाण २७.२ टक्के झालं. २०१७मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त हा अभ्यास छापून आला. स्टेरॉईडच्या कुठल्याही प्रयोगापेक्षा मला हे आकडे जास्त मोलाचे वाटतात.

केळझरहून वर्धा पंचवीस-सव्वीस किलोमीटर. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय दोन्ही त्याच बाजूला, आणि मेडिकल कॉलेजला जोडलेली. तिथे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, पाकिटं एका पिशवीत घालून न्या, डॉक्टर विचारोत वा न विचारोत. सुटलेली डिप्रेशनची गोळी पुन्हा सुरू झाली तर निदान सहा आठवडे चालू द्या. जगणं नकोसं झाल्याची भाषा घरात कुणाच्या तोंडी आली तर ओपीडीच्या दिवसाची वाट पाहू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीतून बोलता येतं.

पुढच्या भागात थायरॉईड.