नवस फेडला की संपतो. मध्यस्थीची प्रार्थना का संपत नाही?

धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला नवस समजावून सांगावा लागत नाही. पोर आजारी पडलं की तुळजाभवानीला नवस बोलायचा आणि ते बरं झालं की तुळजापूरला जाऊन फेडायचा. ख्रिस्ती घरात अशा वेळी जी प्रार्थना होते, तिला ‘मध्यस्थीची प्रार्थना’ म्हणतात. म्हणजे दुसऱ्यासाठी देवाजवळ मागणं. यात फेडण्यासारखं काही कबूल केलेलं नसतं, त्यामुळे ती थांबवायची कधी, हेही ठरलेलं नसतं.

मग देवाला एकदा सांगून पुरत नाही का? येशूने याच प्रश्नावर एक दाखला दिला (लूक, अध्याय १८). एक विधवा न्याय मागायला वारंवार न्यायाधीशाकडे जाते. तो ना देवाला भितो, ना माणसांना जुमानतो. पण तिच्या खेपांना कंटाळून शेवटी न्याय देतो. हा दाखला पुष्कळदा उलटा वाचला जातो. देव त्या न्यायाधीशासारखा आहे, असं इथे म्हटलेलं नाही. असला माणूसही ऐकतो, तर देव का ऐकणार नाही, असा त्याचा रोख आहे. चिकाटी देवाला वाकवण्यासाठी नसते. मागणाऱ्याने धीर सोडू नये यासाठी असते.

महाराष्ट्रात याचं ठळक उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या केडगावचं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी निराधार बायका आणि दुष्काळातून वाचवलेल्या मुली सांभाळल्या. जानेवारी १९०५मध्ये त्यांनी रोज एकत्र प्रार्थना करायला कोण येईल, असं विचारलं. मागणं स्वतःपुरतं नव्हतं. भारतातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत नवी जाग यावी, हे होतं. सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या ५५०वर गेली आणि प्रार्थना दिवसातून दोनदा होऊ लागली. दळण, स्वयंपाक, शिवण, शाळा सांभाळून पाच-सहा महिने हे चालू होतं. जूनच्या अखेरीस तिथे जे धार्मिक जागरण सुरू झालं, त्याची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासांत आहे.

पण केडगावची गोष्ट इथेच थांबवणं बरोबर नाही. आपल्यामागे मुलगी मनोरमा संस्था सांभाळेल, अशी रमाबाईंना आशा होती. मनोरमा १९२१मध्ये आईच्या आधी गेली. मागितलेलं मिळतंच असं ही श्रद्धा सांगत नाही. वधस्तंभाच्या आदल्या रात्री खुद्द येशूनेही हा प्याला टळावा म्हणून तीनदा प्रार्थना केली, आणि प्याला टळला नाही.

व्यवहारात हे काम बहुतेक वेळा एका साध्या वहीवर चालतं. आजारी शेजारी, दारू न सुटणारा भाऊ, बोलणं टाकलेली सून, अशी नावं त्यात असतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला अनाथालयं चालवणारे जॉर्ज म्यूलर आपल्या मागण्यांची नोंद ठेवत आणि काही जणांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं प्रार्थना केली. त्यांच्या कामाचा रमाबाईंवरही प्रभाव होता.

वहीतलं नाव खोडायचं कधी, यावर मात्र पंथांचं एकमत नाही. प्रॉटेस्टंट सहसा माणूस गेला की त्याच्यासाठी मागणं थांबवतात आणि घरच्यांसाठी मागू लागतात. कॅथलिक मंडळीत मृतांसाठीही प्रार्थना होत राहते.